कार्यकर्ता, आमदार, प्रदेशाध्यक्ष: नव्याने येणाऱ्या मुलामुलींसाठी वाट

२३ नोव्हेंबर २०२४, विधानसभेच्या मतमोजणीचा दिवस. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीत काँग्रेसचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले निवडून आले ते २०८ मतांनी. दोन लाखांहून जास्त मतदान झालेल्या मतदारसंघात २०८ मतं म्हणजे एखाद्या वाडीचं मतदान. राज्यभर दुसऱ्यांसाठी सभा घेत फिरणाऱ्या अध्यक्षाची स्वतःची जागा तेवढ्यावर तरली.

मी वीसेक वर्षं तालुक्यात पक्षाचं काम करतो. बूथप्रमुख म्हणून सुरुवात केली, मधली सहा वर्षं एका आमदारांचा स्वीय सहायक होतो, आता जिल्हा कार्यकारिणीत आहे. नवी मुलंमुली येतात आणि विचारतात, "दादा, आमदार व्हायला काय लागतं?" पैसा, जात, घराणं ही उत्तरं त्यांना आधीच पाठ असतात आणि ती खोटी नाहीत. पण हे तिन्ही हाताशी असून पडलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यामुळे मी त्यांना कामाबद्दल सांगतो. आमदाराचा हिशेब मतदार मागतो, प्रदेशाध्यक्षाचा हिशेब कार्यकर्ता मागतो. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हींची मुळाक्षरं एकाच ठिकाणी गिरवावी लागतात, आपल्या बूथवर.

पायरी पहिली: आपली यादी

राज्यात विधानसभेचे २८८ मतदारसंघ आणि एक लाखाहून जास्त मतदान केंद्रं आहेत. एका मतदारसंघाच्या वाट्याला सरासरी साडेतीनशेच्या आसपास केंद्रं येतात. तुम्ही त्यातलं एक घ्या, ज्या यादीत तुमचं स्वतःचं नाव आहे ते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून त्या यादी भागाची, म्हणजे त्या केंद्राच्या मतदारयादीची, प्रत उतरवून घ्या, छापा, आणि पेन्सिल घेऊन घरोघर जा. मोबाइलवर यादी बघणं आणि कागदावर खूण करत उंबरठ्याशी उभं राहणं यात फार फरक पडतो. कागद हातात दिसला की लोक आपणहून सांगू लागतात: थोरला पुण्याला गेला, सून नवीन आली, म्हातारबा मागच्या आषाढात गेले.

आम्ही खुणा ठरवून घेतल्या होत्या. मयताला म, बाहेरगावी गेलेल्याला स्थ, दुबार नावाला दु, अठरा पूर्ण होऊनही नाव नसलेल्याला न. एका वस्तीवर गेलो तर यादीतून मयत म्हणून वगळलेल्या आजी दारात शेंगा निवडत बसल्या होत्या. मी नाव शोधतोय हे पाहून म्हणाल्या, "माझं नाव कुणी काढलं रं बाळा?" त्यांचा नमुना ६ तिथंच पायरीवर बसून भरला. मतदानाच्या दिवशी त्या नातवाच्या गाडीवर बसून आल्या आणि त्यांच्यामागून त्या वस्तीवरची अकरा माणसं आली. त्या अकरा जणांना मी एकही भाषण ऐकवलं नव्हतं.

नमुना ६ नवीन नावासाठी, ७ नाव वगळण्यासाठी किंवा हरकतीसाठी, ८ दुरुस्ती आणि पत्ता बदलण्यासाठी, हे पाठ असू द्या. पूर्वी अठरा वर्षांचा हिशेब फक्त १ जानेवारीला धरत. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, त्यामुळे कॉलेजात पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलांकडे वर्षातून चारदा जाता येतं. बीएलओ, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणारे अधिकारी, बहुतेकदा शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीच्या ताई असतात. त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर असतो. त्यांच्याशी आदराने वागा आणि अर्ज पूर्ण भरून, पुरावे जोडून द्या. एकगठ्ठा अर्ज ते घेत नाहीत आणि घेऊही नयेत.

एक यादी भाग दोन वर्षं असा सांभाळला की तुम्हाला हजारेक माणसं नावानिशी कळतात. माझ्या मते एवढं झाल्याशिवाय पद मागू नये.

पायरी दुसरी: ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका

थेट विधानसभा लढवून निवडून येणारे असतात, पण टिकणारे बहुतेक खालून आलेले दिसतात. आर. आर. पाटील १९७९ मध्ये सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य झाले आणि तिथे अकरा वर्षं काढून १९९० मध्ये तासगावातून आमदार झाले. पुढे ग्रामविकास मंत्री म्हणून त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान चालवलं, तेव्हा त्यांना गाव नकाशावर शोधावं लागलं नाही. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपूरचे नगरसेवक, १९९७ मध्ये महापौर, १९९९ मध्ये आमदार, २०१३ मध्ये भाजपचे प्रदेशाध्यक्ष आणि २०१४ मध्ये मुख्यमंत्री झाले. काँग्रेसचे हर्षवर्धन सपकाळ बुलढाणा जिल्हा परिषदेचे अध्यक्ष होते, मग आमदार झाले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदेशाध्यक्ष.

जिल्हा परिषदेत पैसा कसा चालतो ते कळतं. अंदाजपत्रक कोण करतं, तांत्रिक मान्यता कुठे अडते, प्रशासकीय मान्यता मिळूनही कार्यादेश (काम सुरू करायचं पत्र) का निघत नाही, मार्चअखेर निधी परत का जातो. हे आमदार झाल्यावर शिकायला बसलात तर पहिली दोन वर्षं त्यातच जातात. विकास सोसायटी, दूध संघ, बाजार समिती याही चांगल्या शाळा आहेत, तिथे ठराव वाचायची सवय लागते.

इथले नियम विधानसभेपेक्षा वेगळे आहेत. वय २१ पुरतं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर या संस्थांची निवडणूक लढवता येत नाही. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात आणि आरक्षण सोडतीने फिरतं. राखीव जागेवर लढायचं असेल तर जात वैधता प्रमाणपत्राच्या मागे आजच लागा, सोडत निघाल्यावर धावपळ करून ते हाती येईलच असं नाही. आणि निवडणुका वेळेवर होतीलच यावर विसंबू नका. २०२२ पासून काही वर्षं अनेक जिल्हा परिषदा आणि महापालिका प्रशासकांच्या हाती होत्या. त्या काळात ज्यांनी लोकांची कामं चालू ठेवली त्यांची नावं गावाच्या लक्षात राहिली, बाकीच्यांचे नुसते फलक उरले.

पायरी तिसरी: तिकीट, आणि तिकीट कापलं गेलं तर

मुलाखत होते, निरीक्षक येतात, सर्वेक्षण होतं, आणि शेवटच्या रात्री यादी बदलते. यातलं पहिलं तेवढं तुमच्या हातात आहे. मुलाखतीला जाताना फोटोंचा अल्बम नेऊ नका. मतदारसंघाच्या प्रत्येक गटात (जिल्हा परिषदेचा मतदारसंघ), गणात (पंचायत समितीचा) मागच्या दोन निवडणुकांत कुठल्या केंद्रावर लीड होतं आणि कुठे मागे पडलो याचा एक तक्ता न्या. निरीक्षक तोच कागद मागून घेतात, हा माझा अनुभव आहे.

तिकीट कापलं जाणं हाही या वाटेचाच भाग आहे. चंद्रशेखर बावनकुळे २०१९ मध्ये मंत्री होते आणि तरीही कामठीतून त्यांना उमेदवारी मिळाली नाही. ते पक्षात राहून काम करत राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये विधान परिषदेवर गेले, ऑगस्ट २०२२ मध्ये भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले, आणि २०२४ मध्ये पुन्हा कामठीतूनच विधानसभेत आले. २०१९ च्या त्या रात्री त्यांच्या कार्यकर्त्यांना काय वाटलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. नाव कापलं गेल्यावर पहिले दोन दिवस माईकसमोर जाऊ नका. कार्यकर्त्यांना घरी बसवा, चहा पाजा, त्यांना बोलू द्या. त्या दोन दिवसांत तोंडून गेलेलं वाक्य पुढची दहा वर्षं पाठ सोडत नाही.

विधान परिषद हा वेगळा रस्ता आहे. ७८ पैकी ३० सदस्य आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, ७ शिक्षक, ७ पदवीधर, आणि १२ राज्यपाल नामनिर्देशित करतात. वय ३० लागतं, विधानसभेला २५. पदवीधर मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने बनते, जुनं नाव आपोआप पुढे येत नाही. तिथे अर्धी निवडणूक नोंदणीतच होते.

पायरी चौथी: अर्ज

इथे सावकाश वाचा. जिंकू शकणारा माणूस या टेबलावर हरतो.

उमेदवारी अर्ज नमुना २ब मध्ये भरायचा. सोबत नमुना २६ चं शपथपत्र: मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण, सरकारी थकबाकी. एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. लागू नसेल तर "निरंक" किंवा "लागू नाही" असं लिहायचं. गुन्हे नोंद असतील तर त्यांची माहिती वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर तीन वेळा प्रसिद्ध करावी लागते. दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झालेला माणूस शिक्षेच्या काळात आणि सुटकेनंतर सहा वर्षं लढू शकत नाही. राज्य सरकारचं कामाचं किंवा पुरवठ्याचं कंत्राट स्वतःच्या नावावर चालू असेल तरीही अपात्रता येते. गावाकडे ठेकेदारी करणारी पुष्कळ मुलं राजकारणात आहेत, त्यांनी हे वेळेत निस्तरावं.

अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर ती जप्त. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर नाव सुचवून सही करणारा, पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि ते त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं असलं पाहिजे.

आता एबी फॉर्म. नमुना अ म्हणजे पक्षाने कोणाला सही करायचा अधिकार दिला आहे त्याचं पत्र. नमुना ब म्हणजे त्या अधिकाऱ्याने दिलेलं उमेदवाराचं नाव, आणि गरज पडली तर पर्यायी उमेदवाराचं. सही शाईची हवी. झेरॉक्स, शिक्का, स्कॅन यांपैकी काही चालत नाही. आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या टेबलावर पोचला पाहिजे.

एका निवडणुकीत मी प्रांत कार्यालयाच्या आवारात उभा होतो. उमेदवार आणि त्यांच्यासोबतची चार माणसं आत बसलेली, बाकीचे आम्ही शंभर मीटरच्या पांढऱ्या पट्ट्याबाहेर. अडीच वाजले, एबी फॉर्म अजून मुंबईहून येणाऱ्या गाडीत. पावणेतीनला गाडी बाजारपेठेतल्या कोंडीत अडकली. तालुकाध्यक्षांनी एका पोराला मोटारसायकलवर पिटाळलं. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लिफाफा शर्टाच्या आत घालून आला. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून त्रेपन्न मिनिटं झाली होती. आमच्या उमेदवार ताई त्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून नुसत्या रडल्या. तो मुलगा आज आमचा तालुकाध्यक्ष आहे. तेव्हापासून आम्ही फॉर्म एक दिवस आधी आणतो, मग तो आणायला कितीही लांब जावं लागो.

पायरी पाचवी: प्रचार आणि मतदानाचा दिवस

प्रचाराबद्दल सगळेच सांगतात, मी थोडक्यात उरकतो. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. रोजच्या रोज नोंदवही लिहा, निकालानंतर तीस दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे हिशेब द्या. हिशेब न देणाऱ्याला आयोग तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. नोंदवही सांभाळायला भाषण करणारा माणूस नेमू नका, एखादी हिशेबनीस ताई शोधा.

मतदानाच्या दिवशी बूथवर बसणारा प्रतिनिधी पहाटेच्या अभिरूप मतदानाला हजर हवा. किमान ५० मतं टाकून यंत्र तपासतात, मग ती पुसून यंत्राला मोहर लावतात. संध्याकाळी मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७सी भरतात. त्यात यंत्राचे क्रमांक आणि किती मतं पडली हा आकडा असतो. त्याची प्रत हातात घेतल्याशिवाय प्रतिनिधीने खोली सोडायची नाही. पोरं दमलेली असतात, सकाळपासून वडापाववर असतात, आणि नेमका तो कागद राहून जातो. मतमोजणीच्या टेबलावर आकडा जुळवायचा तर तोच कागद लागतो. त्याच २०२४ च्या निवडणुकीत मालेगाव मध्यची जागा १६२ मतांनी ठरली. असल्या निकालाच्या दिवशी एकेका केंद्राचा आकडा तळहातावर लागतो.

पायरी सहावी: आमदार झालात, आता काम

निवडून आल्यावर पहिले सहा महिने सत्कारात जातात. जाऊ नयेत, पण जातात. लोकांनी आणलेला हार नाकारता येत नाही. तरी त्याच काळात कार्यालयाची घडी बसवून घ्या, कारण पुढची पाच वर्षं तीच तुम्हाला चालवते.

मी स्वीय सहायक होतो तेव्हा आमच्या आमदारसाहेबांच्या कार्यालयात सकाळी आठला दार उघडायचं. रेशनकार्डातून नाव कमी झालेली बाई, डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाला म्हणून आलेले शेतकरी, बदलीसाठी शिक्षक, दवाखान्याच्या बिलासाठी कोणाचा तरी भाऊ. प्रत्येकाला पत्र देणं सोपं असतं. पत्र घेऊन माणूस खूश होऊन जातो आणि महिन्याने तेच पत्र हातात घेऊन परत येतो. म्हणून आम्ही बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या जावक वहीत जावक क्रमांकासमोर एक रकाना वाढवला: "पुढे काय झालं". दर शुक्रवारी दुपारी त्या रकान्यातल्या कोऱ्या जागा बघून फोन करायचे. साहेबांची दुसरी निवडणूक त्या रकान्याने काढून दिली असं मी मनापासून मानतो.

आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी रुपये आहे. आकडा मोठा वाटतो, पण गावांची यादी समोर घेतली की एका गावाच्या वाट्याला वर्षाला किती येतं ते लगेच कळतं. आमदार काम सुचवतात, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. पहिल्याच वर्षी पाच वर्षांचा आराखडा करून प्रत्येक गावाला सांगा की तुमचं काम कुठल्या वर्षी येणार आहे. चौथ्या वर्षी येणारं काम सांगितलं तरी लोक थांबतात. न सांगता टाळलं तर तेच लोक रागावतात.

आणि सभागृह. नवे आमदार इथे बिचकतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. नियमांचं पुस्तक पहिल्याच आठवड्यात वाचून काढा. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो, अतारांकिताचं उत्तर लेखी येतं. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या विषयासाठी लक्षवेधी सूचना आहे. सविस्तर चर्चा हवी तर नियम २९३ चा प्रस्ताव, एखाद्या उत्तराने समाधान झालं नाही तर अर्धा तास चर्चा. पुरवणी मागण्यांवर (अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चावर) बोलायची संधी नव्या सदस्याला सहज मिळते, ती सोडू नका.

प्रश्न कसा लिहायचा ते नीट बघा. "तालुक्यातील रस्त्यांची दुरवस्था झाली आहे, हे खरे आहे काय?" असं लिहिलंत तर उत्तर येतं "हे खरे नाही", आणि त्याखालच्या प्रत्येक पोटप्रश्नाला "प्रश्न उद्भवत नाही". खेळ तिथेच संपतो. त्याऐवजी असं लिहा: अमुक गाव ते अमुक गाव या इतक्या किलोमीटरच्या रस्त्याला अमुक तारखेला प्रशासकीय मान्यता मिळूनही अमुक महिन्याअखेर काम सुरू झालेलं नाही, हे खरे आहे काय, असल्यास विलंबाची कारणे काय, ठेकेदारावर कोणती कारवाई केली, काम केव्हा पूर्ण होईल. आता कागदावर तारीख आहे. विभागाला फार तर "अंशतः खरे आहे" म्हणता येतं, आणि त्या "अंशतः"वर तुमचा उपप्रश्न उभा राहतो. असा एक प्रश्न लिहायला मला दोन दिवस लागायचे. बांधकाम खात्याच्या उपविभागात जाऊन मान्यतेची तारीख टिपून आणायची, रस्त्यावर जाऊन फोटो काढायचे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेलं आश्वासन आश्वासन समितीकडे जातं, त्याचाही पाठपुरावा करा. लोकलेखा, अंदाज, पंचायत राज अशा समित्यांवर नेमणूक झाली तर बैठक चुकवू नका. तिथे कॅमेरे नसतात, सचिव असतात, आणि प्रशासन कसं चालतं ते तिथे उघडं दिसतं.

आमदाराने मनावर घेतलं तर काय होऊ शकतं याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती असताना तासगाव तालुक्यात मजुरांना कामाची हमी देण्याचा प्रयोग झाला. त्यातून राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ चा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशाने त्याच विचारावर कायदा केला. एका तालुक्यातल्या मजुरांच्या हातांपासून ही गोष्ट सुरू झाली होती.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ मध्ये अकराव्यांदा. शेतकरी कामगार पक्ष राज्यात आक्रसत गेला तरी सांगोल्याने त्यांना सोडलं नाही. मधे १९७२ आणि १९९५ ला ते पडलेही होते. पडल्यावर पुन्हा त्याच गावांत, त्याच पाण्याच्या प्रश्नावर, एसटीने फिरत राहिले. नव्या आमदाराने त्यांच्या अकरा विजयांपेक्षा या दोन पराभवांनंतरची वर्षं अभ्यासावीत.

पायरी सातवी: पक्षादेश समजून घ्या

राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीमुळे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यामुळे, पक्षाच्या आदेशाविरुद्ध मतदान केलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलात तर आमदारकी जाऊ शकते. पूर्वी एक तृतीयांश सदस्य फुटले तर संरक्षण होतं, २००३ च्या घटनादुरुस्तीने ते काढलं. आता दोन तृतीयांश सदस्यांच्या पाठिंब्याने होणारं विलीनीकरण तेवढं उरलं आहे. प्रतोदाचं, म्हणजे सभागृहात पक्षाचा आदेश बजावणाऱ्या सदस्याचं, पत्र आलं की त्यावर तारीख, वेळ आणि सही घालून आपली प्रत जपून ठेवा.

शिवसेनेतल्या फुटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी सांगितलं की प्रतोद आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. बाहेर पक्ष चालवणारा आणि आत आमदार सांभाळणारा यांच्यातली दोरी कुणाच्या हातात असते, ते या निकालाने स्पष्ट केलं. पुढची पायरी चढणाऱ्याने तो नीट वाचावा.

पायरी आठवी: प्रदेशाध्यक्ष

हे पद बहुतेक पक्षांत दिल्लीहून किंवा पक्षप्रमुखांकडून येतं. मागून मिळण्यापेक्षा ते नेमलं जातं, आणि नेमताना कोणत्या जिल्ह्यात तुम्हाला विरोध नाही हे आधी पाहिलं जातं. आमदार म्हणून मुंबईत असताना इतर जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांना वेळ दिला असेल तर ते इथे कामी येतं. आमच्या साहेबांच्या आमदार निवासातल्या खोलीत कायम परजिल्ह्यातली दोन माणसं मुक्कामाला असायची. तेव्हा मला त्याचा त्रास वाटायचा. नंतर कळलं की ती त्यांची कमाई होती.

पद मिळालं की ३६ जिल्ह्यांचे जिल्हाध्यक्ष पाठ करा. नावं नव्हेत, माणसं: कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणाचा मुलगा कुठल्या गटात आहे, कोण फोन उचलतो. महिन्याभरात प्रत्येक जिल्ह्यात एक मुक्काम करा आणि तो हॉटेलात करू नका. संध्याकाळच्या सभेत सगळे सारखंच बोलतात. रात्री साडेदहाला जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलेला बूथप्रमुख जे सांगतो, त्यासाठी हा दौरा असतो.

उमेदवारी वाटप हा या पदाचा सगळ्यात जड भाग. मित्रपक्षांशी जागांची बोलणी झाली की तुमच्याच पक्षाच्या कित्येक मतदारसंघांतला दहा-दहा वर्षं राबलेला माणूस एका रात्रीत मोकळा होतो. त्याला बातमी टीव्हीवरून कळू देऊ नका. फोन तुम्ही स्वतः करा, जिल्हाध्यक्षाला करायला लावू नका. तो शिव्या देईल, त्या ऐकून घ्या. मग विचारा, "भाऊ, तुमच्या बूथवर आता कोण बसणार?" तो बसला तर जागा जाग्यावर राहते, घरी बसला तर जाते, आणि अर्ज भरून बंडखोर झाला तर माघारीच्या मुदतीपर्यंत रोज त्याच्या घरी कोणीतरी असलं पाहिजे.

कागदपत्रांकडे अध्यक्षांचं हमखास दुर्लक्ष होतं. पक्षाची घटना आयोगाकडे अद्ययावत आहे का, संघटनात्मक निवडणुका त्या घटनेप्रमाणे झाल्या का, त्यांची इतिवृत्तं आणि सदस्य नोंदणी वही कुठे आहे? फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेच्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादीच्या नाव-चिन्हाचा निर्णय देताना आयोगाने पक्षाची घटना आणि संघटनेतल्या नेमणुका कशा झाल्या हेही तपासलं, आणि विधिमंडळातलं संख्याबळ मोजलं. २०,००० रुपयांवरच्या देणग्यांचा तपशील पक्षाला आयोगाला द्यावा लागतो. यासाठी एक वकील आणि एक सनदी लेखापाल कायमचे नेमा, निवडणुकीपुरते नकोत.

आणि विधिमंडळात गटनेता किंवा विरोधी पक्षनेता वेगळा असेल तर दोघांनी दर सोमवारी भेटून ठरवावं, आत काय मांडायचं आणि बाहेर काय. माध्यमांतून एकमेकांना निरोप देणारे नेते कार्यकर्त्यांच्या जिवावर उठतात.

आता पुन्हा साकोली. अध्यक्ष असताना स्वतःच्या मतदारसंघाचं काय करायचं? जयंत पाटील सात वर्षं राष्ट्रवादीचे प्रदेशाध्यक्ष होते आणि त्या काळातल्या दोन्ही निवडणुकांत इस्लामपूरहून निवडून आले, पण १९९० पासूनची बांधणी त्यांच्या पाठीशी होती. नव्या माणसाकडे ती नसते. त्याने आठवड्याचा एक दिवस मतदारसंघासाठी राखून ठेवावा, दिल्लीचं बोलावणं सोडून कशासाठीही तो मोडू नये. जावक वहीतला "पुढे काय झालं" हा रकाना दर महिन्याला स्वतः वाचावा. घरच्यांपैकी किंवा जुन्या सहकाऱ्यांपैकी एकाला मयत-लग्नाची, दवाखान्याची, दहाव्याची जबाबदारी द्यावी आणि लोकांना उघड सांगावं की मी नसलो तर हे माझ्या जागी आहेत. आणि स्वतःचा यादी भाग सोडू नये. अध्यक्ष झालात तरी तुमच्या गल्लीतल्या त्या हजारेक नावांच्या यादीवर पेन्सिल तुमचीच चालली पाहिजे.

पद सोडायची वेळ आली की नव्या अध्यक्षाकडे चार गोष्टी सही घेऊन सोपवा: सदस्य नोंदणी वही, बँक खात्यांच्या सह्यांचे अधिकार, एबी फॉर्मवर सही करणाऱ्यांची यादी, आणि तिकीट कापलं गेलेल्या माणसांची नावं, प्रत्येकाला तुम्ही काय शब्द दिला होता तो त्याच्यापुढे लिहून.